एका चमच्यात दोन अंडी

कुणाच्याही घरी गेला की माझा मामा आधी त्या घरातल्या लहान मुलाचं मनगट धरायचा. अंगठा आणि मधलं बोट यांचं कडं करून ते मनगटाभोवती फिरवायचा आणि जिभेने ‘च्च’ असा आवाज काढायचा. तोंडाने काही बोलायचा नाही. बाकावर बसायचा, पाणी मागायचा, नारळाच्या भावाची चौकशी करायचा. तोवर पोराची आई तेच मनगट स्वतःच्या बोटांत धरून बघत असायची. लहान मुलाचं मनगट कुणाच्याही बोटांच्या कड्यात सैलच राहणार, हे तिच्या ध्यानात येत नसे. मग तीच विचारायची, “मामा, बारीक वाटतो का रे हा?” आणि मामा पिशवी उघडायचा.

वसईजवळच्या गिरीज गावात लहानथोर सगळे त्याला पावडरमामा म्हणत. खरं नाव अंतोन. घरची केळीची वाडी होती, नारळ होते, पावसाळ्यानंतर थोडी भाजी व्हायची. पण मॅट्रिक झाल्यावर त्याने कुदळ बाजूला ठेवली आणि मुंबईच्या एका कंपनीत विक्रेता म्हणून लागला. कंपनी दुधात घालून प्यायची पावडर बनवायची. पत्र्याचा गोल डबा, वर गोबऱ्या गालांचं गोरंपान मूल, आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत छापलेलं: एका चमच्यात दोन अंड्यांची ताकद. पालघरपासून वसईपर्यंतचा मुलूख मामाकडे होता. स्कूटर, टेरिलीनचा शर्ट, गळ्यात टाय. वसईच्या उन्हात टाय बांधून फिरणारा आमच्या नात्यातला तो पहिला माणूस. वाडीत शिंपणं करणारे लोक काम थांबवून त्याच्याकडे बघत.

सत्तरच्या दशकात मी शिक्षिका झाले आणि गिरीजजवळच्या एका शाळेत लागले. माझं घर वटारला. मुलीने नोकरीसाठी दुसऱ्या गावात राहू नये असं पप्पांचं मत होतं. मामा वटारला आला, ओट्यावर बसला आणि पप्पांशी दुपारभर भांडला. “माझी फिरतीची नोकरी, बायको घरात एकटी असते. भाची राहिली तर तिला सोबत होईल. आणि नाही म्हणालात तर मी इथून उठणार नाही, जेवायला वाढा,” असं म्हणून तो खरंच पाटावर जाऊन बसला. मला त्याने असं नोकरीला लावलं. कुणाला दवाखान्यात न्यायचं असलं की लोक आधी मामाच्या स्कूटरचा आवाज येतोय का ते ऐकत. लग्नात तो गायला लागला की म्हाताऱ्या बायका डोळे पुसत. हा माणूस वाईट नव्हता, हे इथेच सांगून टाकते. पुढे ते सांगायला जागा राहणार नाही.

त्याच्याकडे राहायला गेल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामाच्या घरात ती पावडर कुणी पीत नसे. नमुन्याचे डबे खोलीत रचलेले असत, पण चुलीजवळ एकही नाही. सकाळी तो मामीच्या हातची पेज प्यायचा, सोबत भाजलेला सुका बोंबील. संध्याकाळी केळं. मी एकदा विचारलं, तर हसला.

“खाणावळीचा मालक आपल्या खाणावळीत जेवतो का गं?”

मग सांगायला लागला. चांगली विक्री केली म्हणून कंपनीने त्याला कारखाना दाखवायला नेलं होतं. “बार्लीचं पीठ, साखर, दुधाची भुकटी आणि चॉकलेटचा वास. वाईट काही नाही त्यात. गोड आहे, पोरं पितात. पण ताकद म्हणशील तर तुझ्या मामीच्या पेजेत जास्त.”

“मग दोन अंडी म्हणून सांगतोस ते?”

“ते कंपनीने छापलंय. मी फक्त वाचून दाखवतो.”

आम्ही घरी आमच्या बोलीत बोलायचो. ती बाहेरच्या माणसाला चटकन कळत नाही, म्हणून सगळ्यांचं बोलणं इथे साध्या मराठीत लिहिते आहे. पण मामाचं एक वाक्य कुठल्याही भाषेत तसंच वाजेल. तो म्हणायचा, “अन्न कोण विकत घेतं? अन्न वाडीत आहे, कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. लोक धास्ती विकत घेतात. मी आधी धास्ती देतो, ती फुकट. मग डबा.” हे तो हसत हसत सांगायचा आणि मामी आतून म्हणायची, “देव ऐकतोय हो.” मामा म्हणायचा, “देवालाच विकला असता, पण त्याची आई सावध आहे.”

मामाच्या घराला लागून फिलूचं घर. फिलोमिना हे नाव, पण सगळे फिलू म्हणत. नवरा बोटीवर, वर्षातले बरेच महिने समुद्रात. तो पैसे धाडायचा ते सासऱ्याच्या हातात जायचे. फिलूच्या हाताशी स्वतःच्या म्हणाव्यात अशा कोंबड्या होत्या, आणि परसातली भाजी. पहाटे टोपली घेऊन ती वसईच्या बाजाराला जायची. तिला एकच मुलगा, जोजू. नुकता चालायला लागलेला. आमच्या दारात येऊन “पावल” म्हणायचा. पावडरमामा एवढं लांब नाव त्याला जमत नसे.

त्या वर्षी जोजूला गोवर आला. गोवर उतरला, पण पोर सुकलं. मामाने शेजारधर्म म्हणून जाऊन बघितलं आणि सवयीने मनगट धरलं. ‘च्च’ही केलं. तो नंतर म्हणायचा, “त्या दिवशी मला काही विकायचं नव्हतं गं. बोटांना सवयच लागली होती.” फिलूने डबा मागितला. मामाने पहिला डबा फुकट दिला. पुढचे फिलू दुकानातून आणायला लागली. त्यासाठी घरातली अंडी बाजारात जायला लागली. बाजारवाल्या बायका तिला म्हणायच्या, पोराला ठेव की दोन. फिलू हसायची. चमच्यात दोन अंडी असताना खुराड्यातलं एक कशाला खाऊ घालायचं? तिचा हिशेब चुकीचा नव्हता. तिला दिलेला आकडा खोटा होता.

गोवरानंतर मासळी द्यायची नाही, असं सासूने सांगितलेलं. भात जड पडेल म्हणून तोही बंद. दूध तर डब्यातच आहे, मग पावडर पाण्यात कालवली तरी चालेल. असं करत करत त्या पोराच्या पोटात तपकिरी गोड पाण्याशिवाय काही जाईनासं झालं. घरात कुणाला वाईट वाटलं नाही. उलट सासू येणाऱ्याजाणाऱ्याला डबा दाखवायची: आमचा जोजू कंपनीच्या डब्यावर आहे.

जुलाब लागले तेव्हा मामा फिरतीवरून नुकताच आला होता. त्याने फिलूला पोरासकट स्कूटरवर घेतलं आणि वसईला दवाखान्यात नेलं. तिथे काय झालं ते त्याने मला पुढे इतक्या वेळा सांगितलं की मी स्वतः तिथे होते असंच वाटतं. डॉक्टरांनी जोजूची बंडी वर केली. बरगड्या दिसत होत्या आणि पाय मात्र सुजलेले.

“खायला काय देता?”

“डबा,” फिलू म्हणाली.

“डबा झाला. त्याशिवाय?”

“त्याच्यात सगळं असतं ना डॉक्टर. एका चमच्यात दोन अंडी.”

डॉक्टरांनी मान वर करून मामाकडे बघितलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर मामानेच दिलेलं कंपनीचं कॅलेंडर होतं. मामा म्हणायचा, “ते मला शिव्या देऊ शकले असते, पण कॅलेंडर त्यांच्याही भिंतीवर होतं. म्हणून आम्ही दोघं गप्प राहिलो. बोलली ती फिलूच. मला म्हणाली, मामा सांग ना त्यांना, मी रोज न चुकता देते.”

जोजू त्याच आठवड्यात गेला.

पुरून आल्यावर मामा खोलीत गेला आणि नमुन्याचे डबे एकेक करून मागच्या बावखलात, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या आमच्या तळ्यात, रिकामे करू लागला. मामीने त्याला थांबवलं. “पाण्याला वास लागेल. केळींनी काय केलंय तुमचं?” मग त्याने खड्डा खणून ते पुरले. पुढच्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली. टाय मामीने टोमॅटोचं झाड बांधायला घेतला, आणि त्याने बघूनही काही म्हटलं नाही.

मला वाटलं, गावात आता मामाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. झालं ते त्याहून वाईट. कुणीच त्याला दोष दिला नाही. “देवाने नेलं, तू काय करणार,” असं लोक त्यालाच समजावायला आले. आणि त्यातल्या एका बाईने जाता जाता हळूच विचारलं, “मामा, नोकरी सोडलीस, मग डबा आता कुठून आणायचा?”

तेव्हापासून मामा घरोघर जायला लागला. पूर्वी स्कूटरवर जायचा, आता चालत. बाकावर बसून सांगायचा, “बाय, त्यात काही नाही. साखर आहे. पोराला अंडं दे, शेंगदाणे दे, मासळी कुस्करून भातात घाल. माझ्यावर विश्वास ठेव.” लोक मान डोलवायचे. तो फाटकाबाहेर पडला की म्हणायचे, कंपनीने काढून टाकलंय, त्याचा राग डब्यावर काढतोय. कुणी म्हणालं, पैशांत काहीतरी गडबड केली असणार. कुणी म्हणालं, त्याला स्वतःला मूल नाही, पोरं कशी वाढवतात ते त्याला काय ठाऊक. डबा विकत होता तेव्हा हे कुणाला आठवलं नव्हतं.

एका संध्याकाळी तो ओट्यावर बसून मला म्हणाला, “खोटं बोललो तेव्हा सगळ्या गावाने ऐकलं. तेव्हा टाय होता ना गळ्यात. आता खरं बोलतो तर मी गुडघ्यापर्यंत मातीने भरलेला. दगडाला शेंदूर मी फासला. आता हा नुसता दगड आहे म्हणून कुणाला सांगू?”

मामाच्या जागी कंपनीने एक तरुण मुलगा पाठवला. विरारला मनवेलपाड्यातल्या चाळीत राहणारा, बोलायला चटपटीत. महिला मंडळाच्या बायकांसाठी त्याने मांडवात कार्यक्रम ठेवला. प्रत्येकीला पावडर घातलेल्या दुधाचा कप फुकट. शाळेतल्या बाई म्हणून मला पुढच्या खुर्चीवर बसवलं होतं. “ताई, बेसिकली बच्चा कमजोर का असतो? प्रोटीन नाही म्हणून,” असं तो सांगत होता. सांगता सांगता त्याने समोरच्या बाईच्या मांडीवरच्या पोराचं मनगट दोन बोटांत धरलं. ही युक्ती कंपनीच्या नव्या पोरांना कुणी शिकवली होती, ते मला माहीत होतं.

मामा मागे बांबूला टेकून उभा होता. तो पुढे आला.

“पोरा, हात सोड त्याचा,” तो म्हणाला. मग बायकांकडे वळला. “हे सगळं मी तुम्हाला सांगितलंय, ह्याच्या आधी. ह्याच शब्दांत. खोटं होतं ते. मला तेव्हाही माहीत होतं. त्या डब्यापायी आपल्या गावातलं एक पोर गेलं. तुमच्यासमोर…”

“मामा!”

फिलू उठून उभी राहिली होती. ती तिथे आहे हे मामाने बघितलं नव्हतं. तिचे दिवस भरत आले होते, एका हाताने तिने खुर्ची धरली होती.

“आधी डबा विकलास,” ती म्हणाली. “आता माझं पोर विकतोस?”

फिलू त्या तरुण विक्रेत्याकडे वळून म्हणाली, “भाऊ, तुमचा डबा चांगला आहे. माझ्या पोराला गोवराने नेलं. मला एक डबा द्या.” त्याने दिला. तिच्यामागे आणखी बायका उठल्या. त्या दिवशी त्याची जेवढी विक्री झाली तेवढी मामाची कधी झाली नसेल.

त्यानंतर मामाने घरोघर जाणं बंद केलं. वाडीत राबायचा. बोलायचा फक्त केळींशी आणि कधी माझ्याशी. फिलूला मुलगी झाली. ती बसायला लागली, रांगायला लागली, आणि मामाची झोप उडाली. फिलूच्या घरात डबा रोज उघडत होता आणि अंडी रोज बाजारात जात होती. “पुन्हा तेच होणार,” तो म्हणायचा. “आणि मी बोललो तर मुद्दाम होणार.”

मार्ग मामीने काढला. मामी कमी बोलणारी बाई. एका सकाळी कुंपणाशी जाऊन ती फिलूला म्हणाली, “बाजाराला जातेस तेव्हा पोरीला माझ्याकडे टाकून जा. तुझ्या सासूला आता उचलवत नाही. मला घर खायला उठतं.” फिलू जरा घुटमळली. मग तिने विचारलं, “मामा असतो का घरात?” मामी म्हणाली, “नसतो.”

आणि तो नसायचा. फिलू पोरीला ठेवायला यायच्या आधी तो मागच्या दाराने वाडीत निघून जायचा आणि ती पोरीला घेऊन जाईपर्यंत बावखलाच्या काठावर काहीतरी करत राहायचा. काम नसलं तरी. पावसातसुद्धा डोक्यावर इरलं घेऊन. घरच्या खुराड्यातली अंडी मात्र त्याने आधीच काढून चुलीजवळ ठेवलेली असायची. मामी पेजेत अंडं फेटून घालायची. मासळीचे काटे काढून भातात कालवायची. दुपारी पिकलेलं केळं. पोरीच्या तोंडाला खाण्याची चव लागली. मी शाळेतून यायची तेव्हा ती मामीच्या पदराला धरून उभी असायची, हनुवटीवर पिवळं वाळलेलं.

पोरगी धट्टीकट्टी झाली. नाव होतं रीटा, पण सगळे बारकी म्हणायचे आणि ती त्या नावाला मुळीच शोभायची नाही. आणि फिलू गावभर सांगायची, “बघा माझी बारकी. डब्यावर वाढलीय.”

तो नवा विक्रेता तर हे ऐकून फिलूच्या घरीच आला. पुढच्या कार्यक्रमात त्याने बारकीला टेबलावर उभं केलं आणि बायकांना म्हणाला, “ही बघा, तुमच्याच गावची.” मी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मामा जेवत होता. हातातला घास तसाच राहिला.

“मी जाऊन सांगतो,” तो म्हणाला. “आत्ता. अंडी कुणाची, पेज कुणाची. सगळं सांगतो.”

मामी म्हणाली, “सांगा. उद्यापासून ती पोरीला इकडे टाकणार नाही. मग तुम्ही खरे ठराल.”

मामाने तो घास तोंडात घातला. त्या जेवणाइतकं कडू जेवण मी कुणाला जेवताना बघितलेलं नाही. ज्या खोट्याशी तो भांडत होता, त्याच खोट्याला तो रोज सकाळी खुराड्यातून अंडी काढून पुरवत होता. आणि थांबताही येत नव्हतं.

बारकी शाळेत माझ्या वर्गात आली. मामीकडे तिचं येणं सुरूच राहिलं. मामाशी फिलू कधी बोलली नाही. वाटेत समोरासमोर आली तर पदर सारखा करून दुसरीकडे बघायची. मामा सायकलवरून उतरून तिला वाट द्यायचा. स्कूटर त्याने केव्हाच विकली होती.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मामा गेला. आधी पोट दुखतं म्हणायचा, मग जेवण तुटलं. भेटायला येणाऱ्यांपैकी कुणीतरी ताकदीसाठी म्हणून डबा आणला. मामीने तो दाराबाहेर ठेवला. मामा भिंतीकडे तोंड करून हसला आणि मला म्हणाला, “हरलो गं. पत्र्याच्या डब्याकडून हरलो.” मी काहीबाही समजूत घातली. त्याला ती पटली नाही.

त्याला पुरलं त्या दुपारी लोक पांगल्यावर फिलू माझ्याजवळ आली. बारकी तिच्यासोबत होती, आईच्या खांद्याला लागलेली. फिलूने तिला पुढे जायला सांगितलं.

“मामी तिला काय खायला घालायची ते मला माहीत होतं,” ती म्हणाली.

मी विचारलं, “कधीपासून?”

“पहिल्या दिवसापासून. पोरीच्या तोंडाला अंड्याचा वास यायचा. आईला कळत नाही होय?”

“मग गावभर डब्याचं नाव का घेत होतीस?”

फिलूने लगेच उत्तर दिलं. ते तिच्याकडे कित्येक वर्षं तयार असणार. “डबा खोटा म्हटला तर जोजू उपाशी मेला. कुणाच्या हाताने? माझ्याच ना? मग मी कुठे जायचं होतं?”

“मामाला एकदा तरी सांगायचंस, फिलू. तुला माहीत आहे एवढंच.”

“सांगणार होते. तो आजारी पडला तेव्हा दारापर्यंत आलेसुद्धा होते.” तिने पदराने तोंड पुसलं. “पण राग जात नव्हता. आज त्याच्यावर माती टाकली, तरी गेला नाही.”

मग ती मामीकडे गेली, तिच्या शेजारी बाकावर बसली आणि तिचा हात हातात घेतला. दोघी तिथे उन्हं उतरेपर्यंत बसल्या होत्या. मामाचं नाव दोघींपैकी कुणीही घेतलं नाही.